कृष्णवर्णीय तरुण कॉलेजात कमी, तुरुंगात जास्त? नाही!

‘अमेरिकेत कॉलेजापेक्षा तुरुंगात कृष्णवर्णीय पुरुष जास्त’ हे वाक्य वीसेक वर्षं भाषणांतून, लेखांतून फिरतंय. ते चुकीचं आहे.

याचा उगम 2002 सालच्या जस्टिस पॉलिसी इन्स्टिट्यूट या अमेरिकन धोरण-अभ्यास संस्थेच्या अहवालात आहे. त्यात 2000 सालचे आकडे होते: तुरुंगात 7,91,600, कॉलेजात 6,03,032. हॉवर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक आयव्हरी टोल्डसन यांनी सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा असंख्य कॉलेजांची आकडेवारी त्यात आलेलीच नव्हती, असं दिसलं. पुढच्या दशकात कॉलेजातली संख्या 13 लाखांच्या वर होती, तुरुंगातली साडेआठ लाखांच्या आसपास. शिवाय तुरुंगात सगळ्या वयाचे पुरुष असतात, कॉलेजात मुख्यतः तरुण. अशी तुलना मुळातच लंगडी.

तुरुंगातली संख्या भयंकर आहे, यात वाद नाही. पण या वाक्याने शिक्षकांच्या मनात मुलांबद्दल आधीच निकाल लागतो, याचा मला खरा राग येतो.

याच मुलांवर विश्वास ठेवला तर काय होतं, ते बघा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी) विद्यापीठात 1988 साली गणितज्ञ फ्रीमन ह्राबोव्स्की यांनी विज्ञान शिकणाऱ्यांसाठी मायरहॉफ शिष्यवृत्ती सुरू केली. पहिल्या तुकडीत सगळे कृष्णवर्णीय मुलगेच होते. प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात मुलं एकत्र राहून गणित-विज्ञान शिकतात, अभ्यास गटाने करतात. पायाच्या विषयात ‘सी’ श्रेणी मिळाली तर तो विषय पुन्हा करायचा आग्रह शिष्यवृत्ती चालवणारे धरतात, आणि प्राध्यापक त्यांना लवकरच प्रयोगशाळेत घेतात. इथून निघालेले कितीतरी जण पुढे पीएचडी झाले.