गल्ल्यावरचे मालक: फॅशन ब्रँडच्या विक्रीत मालकाच्या सहभागाची पार्श्वभूमी

फॅशन ब्रँडचा मालक स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, नव्या कपड्याचा पोत, शिवण आणि मापे समजावून सांगतो, ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देतो आणि त्याच बैठकीत मागण्याही नोंदवून घेतो, हे दृश्य आता सर्रास दिसते. समाजमाध्यमांनी घडवलेला नवा प्रकार म्हणून त्याची चर्चा होते. या व्यवसायाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मालकाने विक्रीपासून दूर राहणे हीच तुलनेने अलीकडची आणि थोडाच काळ टिकलेली व्यवस्था होती. मालक आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये कोण उभे आहे आणि त्याचे बळ किती, यावर मालकाचे पुढे येणे किंवा मागे सरणे ठरत आले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कपडे शिवणाऱ्याला स्वतःचे असे नाव क्वचितच असे. कापड गिऱ्हाइकाचे, कल्पनाही बहुतेकदा गिऱ्हाइकाचीच, आणि शिवणारा केवळ कारागीर, अशी विभागणी होती. ती मोडणारे चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हे मूळचे कापडाच्या दुकानातले विक्रेते होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. इंग्लंडमधून १८४५ च्या सुमारास पॅरिसला आल्यावर ते गाजलां या पेढीत कापड आणि शाली विकत. तेथेच काम करणाऱ्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या मारी व्हेर्ने यांच्यासाठी त्यांनी बेतलेले पोशाख पाहून गिऱ्हाइके तसेच पोशाख मागू लागली. १८५८ मध्ये ओट्टो बोबर्ग यांच्या भागीदारीत त्यांनी रु द ला पे या रस्त्यावर स्वतःची पेढी काढली, तेव्हाही प्रसाराचे काम घरातूनच झाले. मारी रेखाचित्रांचा संग्रह घेऊन ऑस्ट्रियाच्या राजदूतांच्या पत्नी पाउलीन मेटरनिख यांच्याकडे गेल्या आणि त्यांनी मागवलेला पोशाख दरबारी नृत्यसमारंभात फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनी यांच्या नजरेत भरला. त्यानंतर वर्थ यांना गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही. आपल्या नावाची पट्टी कपड्यात शिवणे, जिवंत स्त्रियांच्या अंगावर पोशाख दाखवणे आणि काय शोभेल हे गिऱ्हाइकाला अधिकारवाणीने सांगणे, या तिन्ही गोष्टी त्यांच्या पेढीने रूढ केल्या. तिन्ही विक्रीच्याच युक्त्या होत्या, हे कलावंत म्हणून त्यांचा गौरव करताना बरेचदा विसरले जाते.

पुढच्या पिढीने या युक्त्यांचे रूपांतर खेळात केले. लंडनमध्ये ‘लूसील’ या नावाने व्यवसाय करणाऱ्या लेडी डफ गॉर्डन यांनी रंगमंच, संगीत आणि निमंत्रित प्रेक्षक यांच्यासह पोशाखांची प्रदर्शने भरवली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्क, पॅरिस व शिकागो येथे शाखा काढल्या. पॅरिसच्या पॉल प्वारे यांनी १९११ मध्ये आपल्या घरी ‘हजार आणि दुसरी रात्र’ ही पौर्वात्य थाटाची मेजवानी दिली, त्याच वर्षी अत्तराचा व्यवसाय सुरू केला आणि मॉडेलना बरोबर घेऊन युरोपचा दौरा केला. १९१३ मध्ये ते अमेरिकेत गेले, तेव्हा आपल्या नावाच्या खोट्या पट्ट्या लावलेले कपडे तेथे खुलेआम विकले जात असल्याचे त्यांना दिसले. नावाला बाजारभाव आला की त्याची चोरीही होते, हा धडा पॅरिसच्या फॅशन व्यावसायिकांना बऱ्याच अंशी त्या दौऱ्याने मिळाला. प्वारे यांची पेढी १९२९ मध्ये बंद पडली.

मालकाचे नाव हा स्वतंत्रपणे विकता येणारा माल आहे, याची कायदेशीर नोंदही याच काळातली आहे. लेडी डफ गॉर्डन यांनी दुसऱ्यांच्या मालाला आपल्या नावाची पसंती देण्याचे सौदे जमवण्याचा एकाधिकार ओटिस वुड या प्रतिनिधीला दिला होता आणि नफा निम्मा निम्मा वाटायचा होता. पुढे त्यांनी परस्परच असे सौदे केल्याचा आरोप करून वुड न्यायालयात गेले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी वुड यांच्या बाजूने निकाल लिहिला. करारात प्रतिनिधीवर प्रयत्न करण्याचे बंधन शब्दांत नसले तरी ते गृहीत धरले पाहिजे, असे त्याचे सार होते. अमेरिकेत करारकायदा शिकणाऱ्यांना हा खटला आजही अभ्यासावा लागतो. तो मुळात एका फॅशन ब्रँडच्या विपणनावरून उभा राहिला होता, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

कोको शनेल यांची कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवते. दोव्हिल आणि बिआरित्झ या श्रीमंतांच्या विश्रामस्थळी दुकाने काढून, स्वतःच आपले कपडे घालून वावरत त्यांनी गिऱ्हाईक जमवले. परंतु १९२१ मध्ये आणलेले ‘नंबर ५’ हे अत्तर दूरवर पोहोचवायचे तर कारखाना आणि वितरणव्यवस्था हवी होती. म्हणून १९२४ मध्ये व्हर्टहायमर या उद्योजक बंधूंबरोबर कंपनी स्थापन झाली आणि तिच्यात शनेल यांच्या वाट्याला १० टक्केच आले. १९३७ मध्ये त्याच अत्तराच्या जाहिरातीत त्या स्वतः झळकल्या. चेहरा त्यांचा आणि नफ्यातला मोठा भाग दुसऱ्यांचा, असा तो प्रकार होता. या वाटणीवरून त्या व्हर्टहायमर यांच्याशी अनेक वर्षे भांडत राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही फारकत पक्की झाली. क्रिस्तियाँ दिऑर यांच्या पेढीमागचे भांडवल मार्सेल बुसाक या कापडसम्राटाचे होते. १९४७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्यावर लांब घागऱ्यांच्या विरोधातली निदर्शने झेलली ती दिऑर यांनी. मालक पडद्याआड होते. मग परवान्यांचा काळ आला. ठरावीक रॉयल्टी घेऊन आपले नाव दुसऱ्याच्या मालावर लावू द्यायचे, ही पद्धत पिएर कार्दें यांनी इतकी पसरवली की त्यांच्या परवान्यांची संख्या शेकड्यांत गेली. डिपार्टमेंट स्टोअर विकणार, परवानाधारक बनवणार, जाहिरात संस्था प्रसिद्धी करणार आणि नाववाला फक्त सही करणार, अशी ही घडी होती. तिची किंमत अमेरिकी डिझायनर हॉल्स्टन यांनी मोजली. त्यांनी १९७३ मध्ये नावासह व्यवसाय विकला, १९८३ मध्ये जेसी पेनी या साखळीसाठी स्वस्त कपडे बाजारात आणले, त्यावर बर्गडॉर्फ गुडमन या उच्चभ्रू दुकानाने त्यांचा माल ठेवणे बंद केले आणि पुढे स्वतःच्याच नावाने कपडे बेतण्याचा अधिकारही त्यांच्याकडे उरला नाही.

तरीही स्वतः विकण्याची रीत पूर्णपणे कधीच मेली नाही, आणि माझ्या मते आजच्या मालकांचे खरे पूर्वज याच काळात, परवान्यांच्या झगमगाटाबाहेर सापडतात. मेरी क्वांट यांनी १९५५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर ‘बझार’ हे दुकान भागीदारीत काढले. आज काय खपले हे रात्री कळायचे आणि दिवसाच्या गल्ल्यातून उद्याचे कापड यायचे. गिऱ्हाइकाची पसंती समजण्यासाठी त्यांना कोणताही अहवाल लागत नव्हता. पॉल स्मिथ यांनी १९७० मध्ये नॉटिंगहॅमला चिमुकले दुकान उघडले आणि नाव जगभर झाल्यावरही ते दुकानात गिऱ्हाइकांना कपडे दाखवत राहिले. अमेरिकेत बिल ब्लास नमुन्यांच्या पेट्या घेऊन गावोगावच्या दुकानांत जात आणि मागण्या नोंदवत. राल्फ लॉरेन हे तर टायविक्रेतेच होते. १९६७ मध्ये ब्लूमिंगडेल्स या डिपार्टमेंट स्टोअरने त्यांचे रुंद टाय अरुंद करून त्यांवर स्टोअरची पट्टी लावायला सांगितली, तेव्हा त्यांनी सौदा सोडला. पुढे स्टोअरलाच त्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या. नमुन्यांची पेटी स्वतः वाहणाऱ्याला आपल्या मालासाठी किती ताणून धरता येईल याचा अंदाज असतो.

डायेन फॉन फुर्स्टेनबर्ग यांच्यामुळे मालक, मॉडेल आणि विक्रेती या तिन्ही भूमिका पुन्हा एका व्यक्तीत आल्या. जाहिरातीतले छायाचित्र त्यांचे, त्यावरचे वाक्यही त्यांचेच होते. १९७४ मधला त्यांचा गुंडाळून बांधायचा पोशाख लाखोंनी खपला, आणि त्यासाठी त्या स्वतः दुकानोदुकानी फिरल्या. १९९२ मध्ये त्या क्यूव्हीसी या दूरचित्रवाणी खरेदी वाहिनीवर रेशमी कपडे विकू लागल्या, तेव्हा प्रतिष्ठित वर्तुळात नाके मुरडली गेली. आजच्या थेट प्रक्षेपणातील विक्रीची सारी अंगे मात्र त्या वाहिनीवर आधीच होती: घड्याळ, दूरध्वनी आणि मालकिणीचा विश्वासार्ह आवाज.

याच्या नेमके उलट उदाहरणही आहे. झाराचे संस्थापक अमान्सिओ ओर्तेगा यांचे पहिले दुकान १९७५ मध्ये ला कोरुन्या येथे उघडले. त्यांचे अधिकृत छायाचित्र १९९९ पर्यंत प्रसिद्धही झाले नव्हते. पण तेथे दुकानांतून येणारी माहिती थेट मुख्यालयात जात असे, म्हणजे मालक दिसत नसला तरी गिऱ्हाइकापासून तुटलेला नव्हता. केवळ चेहरा दाखवणे आणि विक्रीत लक्ष घालणे यांत गल्लत करू नये, ती यासाठी.

२००० नंतर मधले दुवे ढिले पडले. फॅक्स यंत्रे विकण्याचा अनुभव असलेल्या सारा ब्लेकली यांनी शरीराला सुडौल दाखवणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या ‘स्पँक्स’ या ब्रँडची सुरुवात ५,००० डॉलरच्या बचतीवर केली आणि नीमन मार्कस या उच्चभ्रू दुकानाच्या खरेदीदार महिलेला प्रसाधनगृहात नेऊन, कपडा घालण्याआधीचा आणि नंतरचा फरक स्वतःच्या अंगावर दाखवला. मागणी मिळाल्यावरही त्या दुकानात उभ्या राहून माल विकत असत. सोफिया अमोरुसो यांनी २००६ मध्ये ईबे या विक्री-संकेतस्थळावर जुने कपडे विकून ‘नॅस्टी गॅल’ हा ब्रँड उभारला. ती कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यामुळे मालकाच्या लोकप्रियतेला हिशेबाची जागा घेता येत नाही, हेही नोंदले गेले. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आले, ताओबाओ या चिनी विक्री-संकेतस्थळाची थेट प्रक्षेपण विक्री २०१६ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने वापरकर्त्यांचा माग काढण्यासाठी त्यांची परवानगी बंधनकारक केली. या शेवटच्या बदलाने नेमक्या ग्राहकाला गाठणाऱ्या जाहिराती कमी परिणामकारक आणि पर्यायाने महाग झाल्या, आणि छोट्या ब्रँडकडे मालकाचा स्वतःचा चेहरा हेच सर्वांत स्वस्त माध्यम उरले. आजच्या लाटेमागे हौसेपेक्षा हा खर्चाचा हिशेब अधिक आहे, असे मला वाटते.

मालकाचा चेहरा जितका ब्रँडशी जोडला जातो, तितका व्यवसाय विकताना तो सोडवणे अवघड होते. अमेरिकी डिझायनर जोसेफ अबूद यांनी २००० मध्ये आपल्या नावाची व्यापारचिन्हे ६ कोटी ५५ लाख डॉलरना विकली. काही वर्षांनी नव्या ब्रँडच्या जाहिरातीत ‘हे कपडे मी बेतले’ असे सांगण्याची वेळ आली, तेव्हा खरेदीदार कंपनी न्यायालयात गेली. विकले गेले ते व्यापारचिन्ह की जाहिरातीत स्वतःचे नाव सांगण्याचा अधिकारसुद्धा, यावर तो वाद अपिलापर्यंत चालला, आणि वर्णनापुरते, मर्यादित रीतीने नाव वापरण्याची मोकळीक त्यांना अखेर त्यातूनच मिळाली.