सिनेटचं बीन सूप: बटाट्याचं आणि बिनबटाट्याचं

अमेरिकेच्या सिनेटच्या उपाहारगृहात पांढऱ्या बीन्सचं सूप रोज मिळतं. राजकारण्यांच्या नावावर चालणाऱ्या जुन्या पाककृतींत इतकी साधी कृती क्वचितच सापडेल, आणि इतका घोळही. एकाच नावाखाली दोन वेगळी सूपं फिरतात आणि लोक एकाचं साहित्य दुसऱ्याच्या पातेल्यात टाकून मोकळे होतात.

आधी नावांचा गुंता. एका कथेनुसार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयडाहोचे सिनेटर फ्रेड ड्युबॉइस यांनी या सूपाचा आग्रह धरला. दुसऱ्या कथेत हे श्रेय मिनेसोटाच्या क्नूट नेल्सन यांना जातं, साल १९०३. ड्युबॉइस यांच्या नावावरच्या कृतीत कुस्करलेला बटाटा आहे (आयडाहो म्हणजे बटाट्यांचं राज्य, त्यामुळे ही जोडी जरा जास्तच जुळून आल्यासारखी वाटते). आज सिनेटमध्ये वाढतात त्यात बटाटा नसतो. त्याला कुणी ‘नेल्सन यांची कृती’ म्हटलं तर मानू नका; कथेतले नेल्सन सूप मागतात, कृती देत नाहीत. प्रतिनिधिगृहाचे स्पीकर जोसेफ कॅनन १९०४ मध्ये बीन सूपासाठी भडकले होते, तो किस्सा तर दुसऱ्याच सभागृहातला.

आता पातेल्याकडे वळू. बिनबटाट्याच्या सूपाला दोन पौंड, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम सुके नेव्ही बीन्स (हेच ते लहान पांढरे बीन्स) लागतात, चार क्वार्ट म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास गरम पाणी, दीड पौंड धुरावलेलं हॅम हॉक (डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा हाडासकट तुकडा), एक कांदा आणि दोन टेबलस्पून लोणी. हे आठ जणांचं माप. बटाट्याच्या सूपाचं माप एकदम पाच गॅलनचं, म्हणजे १९ लिटरचं: तीन पौंड बीन्स, दोन पौंड हॅम आणि एक हाड, एक क्वार्ट कुस्करलेला बटाटा, पाच कांदे, सेलरीच्या दोन दांड्या, लसणाच्या चार पाकळ्या, अर्धी जुडी पार्सली.

यादी वाचून वाटतं, बटाट्याचं सूप दाट आणि लसणीच्या वासाचं असणार. हिशेब मांडला की चित्र उलटं दिसतं. १९ लिटरला तीन पौंड बीन्स म्हणजे लिटरमागे जेमतेम ७० ग्रॅम. बिनबटाट्याच्या सूपात हेच प्रमाण तिपटीच्या आसपास जातं. तिथे बीन्स फुटून आपला पिठूळपणा स्वतःच रश्शात सोडतात, वेगळं काही घालावं लागत नाही. बटाटा आहे तो पातळ सूपाला अंग यावं म्हणून. आणि १९ लिटरमध्ये लसणाच्या चार पाकळ्या? शोधूनही सापडणार नाहीत.

कांद्याची गंमत आणखी वेगळी. प्रमाण दोन्हीकडे जवळपास एकच, चार लिटरला एक. पण बटाट्याच्या सूपात तो कच्चाच पडतो आणि तासभर मंद आचेवर शिजून विरघळल्यासारखा होतो. दुसऱ्यात तो लोण्यात हलका तांबूस परतून, हॉकचं मांस काढून बारीक चिरून परत घातल्यावर, अगदी शेवटी जातो. तोवर बीन्स झाकण ठेवून तीनेक तास शिजलेले असतात. माझ्या मते दोन्ही सूपांच्या चवीतला खरा फरक या परतलेल्या कांद्याचा आणि धुरावलेल्या हाडाचा आहे. बटाट्यावरून वाद घालणारे भलतीकडेच बोट दाखवतात. मीठही शेवटीच घालायचं, कारण हॉकचा खारटपणा आधी कळत नाही.

घरी करायचं तर बिनबटाट्याचंच करा, माप आधीच घरगुती आहे. बटाट्याचंच हवं असेल तर सगळं एक चतुर्थांश घ्या: सुमारे ३४० ग्रॅम बीन्स, पाव किलोला थोडं कमी हॅम, एक कप कुस्करलेला बटाटा, सव्वा कांदा, लसणाची एक पाकळी, सूप पावणेपाच लिटर होईल. बटाटा घातल्यावर मात्र पळी तळापर्यंत फिरवत राहा, तो खाली बसतो आणि लागतो.