पॅरामाउंट पिक्चर्स : श्रेष्ठ चित्रपटांची क्रमवारी

हॉलिवूडमधील पॅरामाउंट या जुन्या चित्रपटसंस्थेच्या चित्रपटांचा गुणानुक्रम लावण्याचे प्रयत्न समीक्षकांनी, नियतकालिकांनी आणि चित्रपटविषयक संस्थांनी वेळोवेळी केले आहेत. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०), ‘व्हर्टिगो’ (१९५८), ‘द गॉडफादर’ (१९७२), ‘चायनाटाउन’ (१९७४) आणि ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) ही नावे अशा बहुतेक याद्यांत येतात. त्यांच्या श्रेष्ठत्वाविषयी फारसे दुमत नाही. दुमत आहे ते यांपैकी कोणते चित्रपट पॅरामाउंटचे मानावेत याविषयी, कारण या पाचांपैकी ‘व्हर्टिगो’ व ‘डबल इन्डेम्निटी’ यांचे हक्क आज युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीकडे आहेत. त्यामुळे यादी कोणत्या निकषावर केली, हे पाहिल्याशिवाय तिच्यातील क्रमाला अर्थ राहत नाही.

स्थापनेचा प्रश्न : यादीची सुरुवात कोठून करावी, हेही वादाचे आहे. कंपनी स्वतः १९१२ हे स्थापनावर्ष मानते आणि तिने २०१२ मध्ये शताब्दी साजरी केली. हंगेरीत जन्मलेले व फरच्या व्यापारातून चित्रपटधंद्यात आलेले अडॉल्फ झुकर (१८७३–१९७६) यांनी १९१२ मध्ये ‘फेमस प्लेअर्स’ ही कंपनी काढली. रंगभूमीवरील नामवंत नटनट्यांना पडद्यावर आणायचे, हा तिचा मुख्य हेतू. सारा बर्नहार्ट यांनी राणी एलिझाबेथची भूमिका केलेला फ्रेंच मूकपट झुकर यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या लायसियम नाट्यगृहात दाखवला. परंतु त्या वेळी ‘पॅरामाउंट’ हे नाव अस्तित्वात नव्हते. यूटा राज्यातील ऑग्डेन येथे चित्रगृह चालवणारे व पुढे वितरणव्यवसायात शिरलेले डब्ल्यू. डब्ल्यू. हॉडकिन्सन यांनी मे १९१४ मध्ये या नावाची कंपनी स्थापन केली. ती चित्रपट निर्माण करीत नसे. निर्मात्यांना आगाऊ रक्कम देऊन त्यांचे चित्रपट देशभर पोहोचवायचे आणि उत्पन्नातील ३५ टक्के वितरणखर्च म्हणून ठेवायचे, अशी तिची पद्धत होती. झुकर यांची ‘फेमस प्लेअर्स’ आणि जेसी लास्की यांची कंपनी हे तिचे प्रमुख पुरवठादार होते. लास्की यांच्या कंपनीत सॅम्युएल गोल्डफिश (पुढे गोल्डविन) व सेसिल बी. डीमिल हे भागीदार असून तिचा ‘द स्क्वॉ मॅन’ (१९१४) हॉलिवूडमधील एका तबेल्यात उभारलेल्या स्टुडिओतून साकारला. १९१६ मध्ये झुकर यांनी वितरणकंपनीवर ताबा मिळवून हॉडकिन्सन यांना दूर केले आणि झुकर व लास्की यांच्या कंपन्या एक झाल्या. निर्मिती, वितरण आणि कालांतराने चित्रगृहे अशी सलग साखळी एका हाती आणण्याच्या पद्धतीचा हा आरंभ होय.

म्हणजे वंशावळ धरली तर १९१२, नाव धरले तर १९१४ आणि आज ज्याला स्टुडिओ म्हणतात ते एकसंध रूप धरले तर १९१६, असे तीन पर्याय उरतात. अमेरिकी चित्रपट-इतिहासाच्या दृष्टीने तिसरा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो. अर्थात १९१२ ही तारीख रूढ झालेली असल्याने ती बदलेल असे दिसत नाही. बोधचिन्हातील पर्वताविषयीही असेच मतभेद आहेत. हॉडकिन्सन यांनी तो टिपकागदावर रेखाटला व त्यामागे ऑग्डेनजवळच्या बेन लोमंड शिखराची आठवण होती, अशी परंपरागत समजूत आहे. नंतरच्या चित्ररूपांसाठी पेरूमधील एका हिमशिखराचा आधार घेतला गेल्याचेही सांगतात. यूटाशी असलेला संबंध संभाव्य मानण्यास हरकत नाही. पुढची रूपे मात्र चित्रकारांच्या कल्पनेतील असावीत.

‘पॅरामाउंटचा चित्रपट’ कोणता? : याची तीन उत्तरे देता येतात : कंपनीने निर्माण केलेला, कंपनीने वितरित केलेला किंवा आज तिच्या मालकीचा. १९५८ मध्ये एमसीए या मनोरंजनक्षेत्रातील संस्थेने पॅरामाउंटचे १९२९ ते १९४९ या काळातील सुमारे ७०० बोलपट विकत घेतले. दूरचित्रवाणीवर दाखवण्यासाठी हा व्यवहार झाला. त्या सुमारास जुन्या चित्रपटांना पुन्हा भाव येईल, असे पॅरामाउंटच्या चालकांना वाटले नव्हते. १९६२ मध्ये एमसीएने युनिव्हर्सल ताब्यात घेतली आणि हा संग्रह तिकडे गेला. ‘ट्रबल इन पॅराडाइज’ (१९३२), ‘डक सूप’ (१९३३), ‘द लेडी ईव्ह’ (१९४१), ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’ (१९४१) आणि ‘द लॉस्ट वीकएन्ड’ (१९४५) हे चित्रपट अशा रीतीने संस्थेबाहेर पडले. मालकीचा निकष लावला तर पॅरामाउंटची सर्वांत सर्जनशील वीस वर्षे तिच्या यादीतून वगळावी लागतात. हे कोणत्याही अभ्यासकाला मान्य होण्यासारखे नाही.

दिग्दर्शक अॅल्फ्रेड हिचकॉक यांच्या चित्रपटांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पॅरामाउंटशी झालेल्या करारात काही चित्रपटांचे हक्क ठरावीक मुदतीनंतर त्यांच्याकडे परत जाण्याची तरतूद होती. त्यानुसार ‘रिअर विंडो’ (१९५४), ‘द ट्रबल विथ हॅरी’ (१९५५), ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) आणि ‘व्हर्टिगो’ त्यांच्या स्वाधीन झाले. पुढे दीर्घकाळ ते पाहायला मिळत नव्हते. हिचकॉक यांच्या निधनानंतर (१९८०) युनिव्हर्सलने १९८३–८४ मध्ये ते पुन्हा प्रदर्शित केले. ‘टू कॅच अ थीफ’ (१९५५) तेवढा पॅरामाउंटकडेच राहिला.

तरीही ‘व्हर्टिगो’ हा पूर्णतः पॅरामाउंटच्या कारागिरीचा चित्रपट आहे. त्यातील अंतर्दृश्ये मेलरोझ अॅव्हेन्यूवरील स्टुडिओत घेतली गेली. नायिकेचा करडा पोशाख एडिथ हेड यांच्या वेशभूषा-विभागातून आला. जिन्यावरून खाली पाहताना भोवळ आणणारा परिणाम, म्हणजे कॅमेरा मागे सरकत असताना भिंगाची केंद्रलांबी वाढवण्याची युक्ती, ही स्टुडिओतील दुसऱ्या पथकाचे छायाचित्रणकार इर्मिन रॉबर्ट्स यांनी साधली; श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. याउलट ‘सायको’ (१९६०) पॅरामाउंटने वितरित केला खरा. पण त्याचा खर्च हिचकॉक यांच्या स्वतःच्या कंपनीने केला आणि चित्रीकरण युनिव्हर्सलच्या आवारात, दूरचित्रवाणी मालिकेच्या पथकाकडून झाले. निर्मितीचा निकष काटेकोरपणे लावला तर ‘व्हर्टिगो’ पॅरामाउंटचा ठरतो आणि ‘सायको’ तिचा ठरत नाही. ‘टायटॅनिक’ (१९९७) हाही दुसऱ्याच गटात जातो. तो मूलतः फॉक्स या दुसऱ्या स्टुडिओचा प्रकल्प होता. खर्च वाढत गेल्यावर पॅरामाउंटने ६.५ कोटी डॉलर देऊन उत्तर अमेरिकेतील वितरण घेतले. प्रस्तुत नोंदीत निर्मितीचाच निकष श्रेयस्कर मानला आहे, कारण स्टुडिओ म्हणजे मुळात तेथे काम करणारी माणसे, त्यांच्या कार्यशाळा आणि त्यांची हातोटी. हक्कांचे कागद पुढे कोणाकडे गेले, यावरून त्या हातोटीचे मोल ठरत नाही.

१९३०–५० ची परंपरा : मेट्रो-गोल्डविन-मेयरमध्ये निर्मात्यांचे वर्चस्व होते, तर पॅरामाउंटमध्ये दिग्दर्शकांना तुलनेने मोकळीक मिळे. जर्मनीतून आलेले कलादिग्दर्शक हान्स ड्रायर यांच्या विभागाने संस्थेच्या नेपथ्याला एक उजळ, युरोपीय घडण दिली. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचे मार्लेन डीट्रिशबरोबरचे ‘मोरोक्को’ (१९३०), ‘शांघाय एक्सप्रेस’ (१९३२) इ. चित्रपट आणि अर्न्स्ट लुबिच यांच्या सुखात्मिका ही या काळाची शिखरे. ‘ट्रबल इन पॅराडाइज’ला १९३४ मध्ये हॉलिवूडची चित्रपटांविषयीची नीतिसंहिता कडक झाल्यानंतर पुनःप्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली आणि पुढच्या पिढ्यांना तो बराच काळ पाहता आला नाही. आज अनेक जाणकार त्याला संस्थेचा सर्वांत निर्दोष चित्रपट मानतात, आणि तसे मानण्यास सबळ आधार आहे. लिओ मॅकॅरी यांचा ‘मेक वे फॉर टुमारो’ (१९३७) हा वृद्ध आईबापांच्या ताटातुटीचा चित्रपट लोकप्रिय याद्यांत क्वचित येतो. त्याचे स्थान याहून पुष्कळ वर असायला हवे. प्रेस्टन स्टर्जेस यांच्या ‘द ग्रेट मॅगिन्टी’ने (१९४०) मूळ पटकथेसाठीचा पहिला ऑस्कर मिळवला. बिली वाइल्डर यांनी छायाचित्रणकार जॉन सिट्झ यांच्या साहाय्याने ‘डबल इन्डेम्निटी’ व ‘सनसेट बुलेव्हार्ड’ केले. दुसऱ्या चित्रपटात पॅरामाउंटचे प्रवेशद्वार आणि डीमिल हे स्वतःच्याच भूमिकेत दिसतात. एखाद्या स्टुडिओने स्वतःविषयी इतके कठोर सत्य सांगणारा चित्रपट स्वतःच काढावा, याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

व्हिस्टाव्हिजन : १९५३ मध्ये फॉक्सने सिनेमास्कोप ही रुंद पडद्याची पद्धत आणल्यावर पॅरामाउंटने व्हिस्टाव्हिजन हा वेगळा मार्ग धरला. नेहमीच्या ३५ मिमी. फिल्ममध्ये पट्टी उभी सरकते व प्रत्येक चौकट पट्टीच्या कडेच्या चार छिद्रांएवढी असते. व्हिस्टाव्हिजनमध्ये तीच पट्टी कॅमेऱ्यातून आडवी सरकवून चौकट आठ छिद्रांएवढी घेतली जाई, त्यामुळे प्रकाशित होणारे क्षेत्र दुपटीहून अधिक मिळे. या मोठ्या मूळपटावरून (निगेटिव्हवरून) आकार घटवून साध्या प्रिंट काढल्या की कण बारीक होत आणि चित्र रेखीव येई. चित्रगृहांना नवी भिंगे घेण्याची गरजही नव्हती. ‘व्हाइट ख्रिसमस’ (१९५४) हा या पद्धतीचा पहिला चित्रपट. ‘टू कॅच अ थीफ’, ‘व्हर्टिगो’ व ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९५६) याच पद्धतीचे. फिल्म दुप्पट लागत असल्याने आणि मूळ फिल्मचीच प्रत सुधारल्याने १९६० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली. मात्र विशेष दृश्यपरिणामांसाठी तिचे कॅमेरे पुढे वापरात राहिले. क्रमवारीशी या तपशिलाचा संबंध असा, की मूळपट मोठा असल्यामुळे पुनर्रचित प्रतींत हे चित्रपट समकालीन चित्रपटांपेक्षा सरस दिसतात. ‘व्हर्टिगो’च्या १९९६ च्या पुनर्रचनेनंतर त्याची प्रतिष्ठा जी वाढली, तीत याचा काही वाटा असणे शक्य आहे.

१९६६ नंतर : १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंना चित्रगृहांची मालकी सोडावी लागली, तो खटला पॅरामाउंटच्याच नावाने ओळखला जातो. खालावलेली संस्था १९६६ मध्ये गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाने घेतली आणि रॉबर्ट एव्हन्स निर्मितिप्रमुख झाले. ‘रोझमेरीज बेबी’ (१९६८), ‘द गॉडफादर’, ‘चायनाटाउन’ हे चित्रपट या काळातले. १९७४ च्या चित्रपटांसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच नामांकनांपैकी तीन (‘द गॉडफादर : भाग २’, ‘चायनाटाउन’, ‘द कॉन्व्हर्सेशन’) पॅरामाउंटची होती. छायाचित्रणकार गॉर्डन विलिस यांनी ‘द गॉडफादर’मध्ये वरून येणाऱ्या प्रकाशाने पात्रांचे डोळे सावलीत ठेवले. त्या वेळी हे धाडस वाटले, नंतर ते गुन्हेगारीपटांचे व्याकरणच झाले. मुंबईत निर्माण झालेल्या ‘धर्मात्मा’ (१९७५) व ‘सरकार’ (२००५) या हिंदी चित्रपटांवर त्याचा प्रभाव उघड आहे.

प्रमुख याद्या : अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या १९९८ च्या शंभर चित्रपटांच्या यादीत ‘द गॉडफादर’ तिसरा आणि ‘व्हर्टिगो’ एकसष्टावा होता, २००७ मध्ये ते अनुक्रमे दुसरा व नववा झाले. ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ नियतकालिकाच्या दशवार्षिक समीक्षक-मतदानात ‘व्हर्टिगो’ १९८२ मध्ये प्रथमच पहिल्या दहांत आला, २०१२ मध्ये पहिला ठरला आणि २०२२ मध्ये दुसरा. १९८२ मध्ये तो चित्रगृहांत उपलब्धच नव्हता, हे लक्षात घेता केवळ पुनःप्रदर्शनामुळे त्याचे स्थान उंचावले, हे मत टिकत नाही. याच मतदानात २००२ मध्ये ‘द गॉडफादर’चे दोन्ही भाग एकत्र मोजल्याने ते चौथे आले, २०१२ मध्ये ते वेगळे मोजले गेले आणि पहिल्या दहांतून बाहेर पडले. नियम बदलला की क्रम बदलतो, याचे हे स्पष्ट उदाहरण.

मूकपट : ‘विंग्ज’ (१९२७) या हवाई युद्धपटाला मे १९२९ च्या पहिल्या अकादमी समारंभात सर्वोच्च पुरस्कार मिळाल्याचे सांगतात. प्रत्यक्षात त्या वर्षी दोन समकक्ष पुरस्कार होते. ‘उत्कृष्ट चित्रपट’ हा ‘विंग्ज’ला, तर ‘असाधारण व कलात्मक चित्रपट’ हा फॉक्सच्या ‘सनराइज’ला मिळाला. पुढच्या वर्षापासून दुसरा पुरस्कार बंद झाला आणि पहिल्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान दिला गेला. गुणवत्तेच्या दृष्टीने ‘सनराइज’ श्रेष्ठ, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे. तथापि ‘विंग्ज’मधील खऱ्या उड्डाणांचे चित्रीकरण आजही थक्क करते. लुबिच यांचा ‘द पेट्रियट’ (१९२८) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे नामांकन मिळूनही हरवलेला एकमेव चित्रपट असून त्याचे मोजके तुकडेच शिल्लक आहेत. पॅरामाउंटचाच ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२६) हाही हरवला आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या २०१३ च्या अहवालानुसार १९१२–२९ मधील सुमारे ११,००० अमेरिकी दीर्घ मूकपटांपैकी जेमतेम १४ टक्के मूळ स्वरूपात उरले आहेत. त्यामुळे संस्थेच्या पहिल्या सतरा वर्षांना याद्यांत मिळणारी मोजकी जागा हा गुणवत्तेचा निवाडा मानता येत नाही.

अलीकडील काळ : ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) व ‘फॉरेस्ट गंप’ (१९९४) यांचा याद्यांत समावेश होतो. दुसऱ्यावरून ‘लाल सिंग चढ्ढा’ (२०२२) हा हिंदी चित्रपट निघाला. १९९४ मध्ये संस्था व्हायाकॉमकडे गेली व २०२५ मध्ये तिचे स्कायडान्स या निर्मितिसंस्थेशी विलीनीकरण झाले. ‘देअर विल बी ब्लड’ (२००७) हा अलीकडच्या चित्रपटांत सर्वाधिक मान्यता लाभलेला चित्रपट मिरामॅक्स या दुसऱ्या संस्थेच्या भागीदारीतील असल्याने काही संकलक तो गाळतात. वर स्वीकारलेल्या निकषानुसार तो संयुक्त निर्मिती म्हणून यादीत ठेवणे योग्य होय.