पस मॉथचा तिरपा दांडा

छोटं विमान पडलं की बातमीत बहुतेक वेळा दोनच शक्यता येतात: 'यांत्रिक बिघाड' नाहीतर 'वैमानिकाची चूक'. नेमका कोणता भाग तुटला, हे कळेपर्यंत बातमी विसरलेली असते. पस मॉथ या विमानाच्या बाबतीत ते कळायला बराच काळ आणि एकामागून एक अनेक अपघात लागले.

हे विमान आपल्याला परकं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथमधूनच. डी हॅविलंड कंपनीचं, बंद केबिनचं, एका इंजिनाचं विमान. पंख डोक्यावर, आणि त्यांना खालून आधार तिरप्या दांड्यांचा. दुखणं या दांड्यांपाशीच होतं.

ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक पस मॉथ उडता उडता मोडलं. मग आणखी मोडली. सुरुवातीला बोट खराब हवेकडे दाखवलं गेलं, आणि ते अगदीच खोटंही नव्हतं. वेगात असताना हवेचे जोरदार हिसके बसले की पुढचा दांडा दगा द्यायचा. आधार गेलेला पंख पिळवटायचा आणि तुटायचा. पण त्याच हवेतून दुसरी विमानं सुखरूप जात होती, हे आधीच कुणाला खटकायला हवं होतं. १८ सप्टेंबर १९३२ रोजी बायरन बे इथे ऑस्ट्रेलियाचे नामवंत वैमानिक लेस होल्डन अशाच अपघातात गेले. ते विमानात प्रवासी होते. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच जेआरडींनी कराची सोडलं! पुढे दांड्याला बळकटी देण्यात आली.

आता बऱ्याच छोट्या विमानांना असे दांडे नसतात, पंखही धातूचे असतात. तरी ४ एप्रिल २०१८ रोजी फ्लोरिडात डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या पायपर विमानाचा डावा पंख उडतानाच निखळला आणि दोघे मेले. विमान २००७ चं, म्हणजे तसं नवंच; पण शिकाऊ विमान दिवसभर उतरतं आणि पुन्हा उडतं, त्यात पंखाच्या मुख्य तुळईवर ताण येत राहतो. तिथेच धातू थकून तडा वाढत गेला होता, बोल्टच्या भोकापाशी, बाहेरून पाहून दिसणारही नाही असा. २०२१ मध्ये अमेरिकेने अशा विमानांची ती भोकं बोल्ट काढून, विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तपासणं सक्तीचं केलं.