घरगुती रेडिओ कंट्रोल ट्रान्समीटरमधले भाग : पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, भुसावळकडे हौशी लोकांच्या माळ्यावरून मॉडेल विमान-बोटी दुरून चालवायचा जुना ट्रान्समीटर (संदेश पाठवणारा संच) निघाला, तर तो बहुधा ट्रान्झिस्टरच्या जमान्यातला असतो. त्याआधीचे, १.४ व्होल्ट फिलामेंटच्या (तापणाऱ्या तारेच्या) व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, चालणारे संच विरळाच. त्यांना ६७.५ किंवा ९० व्होल्टची बॅटरी लागे. ती बाजारातून गेली आणि संचही भंगारात गेले.

मासिकातलं सर्किट एक आणि डब्यातला माल दुसरा, हे धरूनच चालावं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जे आलं, किंवा गावातल्या रेडिओवाल्याकडच्या मोडक्या सेटमधून जे निघालं, ते बसवलं जाई. त्यामुळे टोनच्या (आवाजी संदेशाच्या) भागात पॉकेट रेडिओचा ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर दिसतो, आणि आरएफ (रेडिओ लहरींची) कॉइल म्हणजे तार उकलून नव्याने गुंडाळलेला आयएफटी (रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर) निघतो. त्यावरच्या, मूळ काम सांगणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या रंगाला मग काही अर्थ उरत नाही.

खरा वाद क्रिस्टलवरून, म्हणजे संचाची फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या तुकड्यावरून, होतो. त्याच्या डबीवर २७.०९५ (मेगाहर्ट्‌झ) छापलंय म्हणून हाच ट्रान्समीटरचा, असं बिनदिक्कत सांगणारे पुष्कळ भेटतात. सुपरहेट (आलेली लहर कमी फ्रीक्वेन्सीवर उतरवून घेणाऱ्या) रिसीव्हरचा क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्‌झने खाली असतो, म्हणजे या जोडीतला दुसरा २६.६४०. जोडी फुटली की २६.६४०चा तुकडा ट्रान्समीटरच्या सॉकेटात जाऊन बसतो. संच चालतो, पण बँडच्या बाहेर. दुसरी फसगत ओव्हरटोनची, म्हणजे मूळ कंपनाच्या पटीतल्या कंपनाची. २७ मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल बहुतेक तिसऱ्या ओव्हरटोनवर कापलेले असतात. ट्यून्ड सर्किट (ठराविक फ्रीक्वेन्सी निवडणारी जोडणी) नसलेल्या टेस्टरमध्ये तो मूळ कंपनावर, म्हणजे ९.०३च्या आसपास बोलतो, आणि चांगला माल ‘छपाई चुकलीय’ म्हणून फेकला जातो. याच्या उलट, १३.५४७५चा क्रिस्टल दिसला तर तोही परका मानू नये. पुढच्या टप्प्यात दुप्पट करून तो २७.०९५लाच पोचतो. माझ्या मते आकड्याआधी कॉइलचे टप्पे मोजावेत, म्हणजे दुप्पट करणारा टप्पा आहे का ते कळतं. आधी आकडा वाचणाऱ्यांनी बरेच चांगले डबे बिघडवलेत.

ट्रान्झिस्टरची ओळख त्यामानाने सोपी. त्याच्या तीन पायांपैकी (बेस, एमिटर, कलेक्टर) बेस-एमिटरमध्ये ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले तर जर्मेनियम, ०.६ ते ०.७ दिसले तर सिलिकॉन. एएफ ११४ ते ११७ या जर्मेनियम मालिकेला चार पाय असतात. एका बाजूला सुटा दिसतो तो कलेक्टर, त्याच्या शेजारचा शील्डचा (डबीला जोडलेला). आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढून ते डबीला टेकतात आणि संच मुका होतो. शील्डचा पाय कापला की अनेकदा तो पुन्हा बोलू लागतो. एसी १२८ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असलेल्या पीएनपी (एनपीएनच्या उलट ध्रुवतेच्या) संचात चेसिस (धातूचा सांगाडा) बहुधा बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. हे न पाहता सेल लावू नयेत. शिवाय जर्मेनियमची गळती (बंद असतानाही झिरपणारा प्रवाह) दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होते, म्हणून भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी घेतलेलं माप पुण्याच्या मापाशी जुळवत बसू नये. पुढे एसएल १०० आणि एसके १०० हे सिलिकॉन ट्रान्झिस्टर आले. डबी सारखीच, पण पहिला एनपीएन आणि दुसरा पीएनपी. छपाई पुसली असेल तर डबीच्या काठावरची जीभ पाहावी. तिच्याजवळचा पाय एमिटरचा, आणि कलेक्टर डबीलाच जोडलेला.

भारतात २००५मध्ये २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. दरम्यान खेळण्यातल्या रिमोट गाड्या घरोघरी पोचल्या. मोडक्या रिमोटमधला २७.१४५चा क्रिस्टल जुन्या डब्यात डकवणं सोपं, त्यामुळे आता पुष्कळदा डबा जुना आणि क्रिस्टल नवा अशी गाठ पडते. सोल्डर पाहिलं की उलगडा होतो: बाकी सगळे जोड मळकट करडे आणि क्रिस्टलचे दोनच चकचकीत असतील, तर त्या आकड्यावरून मूळ बांधणीचा अंदाज बांधू नये.