ज्युपिटर-८ भिंगाची लायका कॅमेऱ्याशी जुळणी

ज्युपिटर-८ हे ५० मिमी नाभीय अंतराचे आणि एफ/२ कमाल छिद्राचे सोव्हिएत बनावटीचे भिंग असून, ३९ मिमी व्यासाच्या आट्यांमुळे ते लायका या जर्मन कंपनीच्या जुन्या रेंजफाइंडर (अंतरमापक असलेल्या) कॅमेऱ्यांवर कोणतीही मोडतोड न करता चढते. मूळ जर्मन भिंगांच्या तुलनेत ते पुष्कळच स्वस्तात मिळते. भिंग कॅमेऱ्यावर बसवणे हे काम क्षणाचे आहे; रेंजफाइंडरने दाखवलेले अंतर आणि भिंगाने प्रत्यक्ष फोकस केलेले अंतर एक करणे, हाच या जुळणीचा खरा गाभा होय.

लायकाच्या पद्धतीत कॅमेऱ्यातील रेंजफाइंडर भिंगातून काहीही पाहत नाही. भिंगाच्या मागील कडेवर कॅमेऱ्याच्या आतली एक लहान चाकी टेकलेली असते. फोकस करताना भिंग पुढेमागे सरकते, तसतशी चाकीची दांडी हलते आणि दर्शिकेतील (व्ह्यूफाइंडरमधील) दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. ५० मिमीच्या भिंगात ही कड काचांच्या गटाइतकीच पुढेमागे होते. म्हणजे रेंजफाइंडर मोजतो तो केवळ एका धातूच्या कडेचा प्रवास, आणि त्यावरून अंतर ठरवताना भिंगाचे नाभीय अंतर अमुकच आहे असे गृहीत धरतो. लायकाच्या पद्धतीत ही गृहीत संख्या ५१.६ मिमी आहे. भिंगावर कोरलेली ५० ही संख्या नाममात्र असते.

ज्युपिटर-८ची वंशावळ मात्र लायकाची नाही. त्याची रचना लुडविग बेर्टेले यांनी त्साइस कंपनीसाठी तयार केलेल्या झोनार भिंगाची, तीन गटांतील सहा काचांची आहे. झोनार हे १९३२ साली आलेल्या त्साइसच्याच काँटॅक्स कॅमेऱ्याचे भिंग होते आणि त्या पद्धतीत प्रमाण नाभीय अंतर ५२.४ मिमीच्या आसपास धरले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर त्साइसची यंत्रसामग्री व तंत्रज्ञान सोव्हिएत संघात नेण्यात आले. कीव्ह येथे काँटॅक्सवर आधारित कॅमेरे, तर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे झोनार कुळातील भिंगे बनू लागली. त्याआधी, १९३४पासून, खारकीव्ह येथे लायकाच्या धर्तीवर फेड कॅमेरा तयार होत होता आणि १९४८मध्ये क्रास्नोगोर्स्कने त्याच धर्तीवर झोर्की आणला. अशा रीतीने काँटॅक्सच्या काचा लायकाच्या आट्यांत येऊन बसल्या. फेड व झोर्की यांच्यावर हे भिंग बिनतक्रार चालते. प्रश्न उद्भवतो तो लायकावर, तसेच लायकाचे प्रमाण पाळणाऱ्या कॅनन आदी जपानी कॅमेऱ्यांवर.

आट्यांच्या लायका कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर २८.८ मिमी असते. १९५४मध्ये आलेल्या एम-३पासून लायकाने आट्यांऐवजी संगीन पद्धतीची खाच (बायोनेट) स्वीकारली आणि हे अंतर २७.८ मिमी केले. हा १ मिमीचा फरक जाणीवपूर्वक ठेवलेला होता, कारण त्यामुळे तेवढ्याच जाडीचे एक कडे मध्ये घालून आट्यांची सर्व जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर वापरता आली. हे कडे वेगवेगळ्या नाभीय अंतरांसाठी वेगवेगळे मिळते, कारण दर्शिकेत कोणती चौकट दिसावी हे त्याच्या कडेवरील खाच ठरवते. ज्युपिटर-८साठी अर्थातच ५० मिमीचे कडे घ्यावे लागते. स्वस्त कड्याची जाडी किंचित कमीजास्त असली, तरी ५० मिमीच्या भिंगाचे त्यात फारसे बिघडत नाही: काचा आणि चाकीला टेकणारी कड दोन्ही एकत्रच सरकतात, त्यामुळे रेंजफाइंडरशी असलेला मेळ टिकून राहतो. अनंताच्या, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंच्या, खुणेवर भिंग नेमके थांबत नाही, इतकेच. ३५ किंवा ८५ मिमीच्या भिंगांत काचा व कड यांचा प्रवास सारखा नसल्यामुळे तेथे हीच चूक थेट चित्रात उतरते.

नाभीय अंतरातील ०.८ मिमीची तफावत नगण्य वाटेल, पण हिशेब वेगळे सांगतो. १ मीटरवरील वस्तूसाठी ५१.६ मिमीचे भिंग अनंताच्या स्थितीपासून सुमारे २.८१ मिमी पुढे यावे लागते, तर ५२.४ मिमीचे भिंग सुमारे २.९० मिमी. दोघांचा अनंत एकच जुळवलेला असेल, तर लायकाच्या रेंजफाइंडरवर प्रतिमा तंतोतंत जुळताच ज्युपिटर ०.०९ मिमी मागेच थांबते आणि त्याचा फोकस वस्तूच्या सुमारे ३ सेंमी पलीकडे पडतो. एफ/२वर त्या अंतराला फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, दोन्ही बाजूंना साधारण २ सेंमीच असते. व्यक्तिचित्रात याचा परिणाम चटकन कळतो: रेंजफाइंडर डोळ्यावर जुळवलेला असतो आणि छायाचित्रात मात्र कानाजवळचे केस स्पष्ट येतात. अनेक जण यावरून भिंगच सुमार ठरवून बाजूला ठेवतात. तो या भिंगावर अन्याय आहे, कारण दोष काचेत नसून मोजपट्टीत आहे.

यावरचा रूढ उपाय म्हणजे शिम, अर्थात पातळ चकती, बदलणे. ज्युपिटर-८मध्ये काचांचा संपूर्ण गट फोकसच्या नळीतून आटे फिरवून वेगळा काढता येतो आणि त्या दोहोंमध्ये कारखान्यात घातलेली धातूची चकती असते. तिची जाडी वाढवली की काचा पुढे येतात, पण चाकीला टेकणारी कड जागची हलत नाही. हाच नेमका हवा असलेला बदल होय. भिंग आणि कॅमेरा यांच्या मध्ये कागद घालण्याचा कधीकधी सुचवला जाणारा मार्ग वर सांगितलेल्या कारणाने निष्फळ ठरतो. संपूर्ण ०.०९ मिमीची वाढ केल्यास १ मीटरवर फोकस अचूक बसतो, परंतु दूरचे दृश्य एफ/२वर मऊ येते आणि छिद्र एफ/४ किंवा त्याहून लहान केल्यावरच समाधानकारक होते. म्हणून ज्याला मुख्यतः माणसे टिपायची आहेत त्याने जवळचे अंतर साधावे, ज्याला दूरदृश्ये टिपायची आहेत त्याने मूळ चकतीच राहू द्यावी, आणि दोन्ही हवे असल्यास ०.०५ मिमीच्या आसपासचा मध्यम मार्ग धरावा. कॅमेऱ्याचा रेंजफाइंडरच या एका भिंगासाठी फिरवून ठेवणे मात्र टाळावे, कारण त्याने इतर सर्व भिंगे बिघडतात.

चकतीसाठी पितळेचा पातळ पत्रा उत्तम. प्रयोगापुरते स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियम फॉइलचे थर चालतात. तपासणी फिल्मच्या जागी धूसर काच ठेवून, शटर उघडे धरून, भिंगाच्या पूर्ण छिद्रावर लहान बहिर्गोल भिंगातून पाहून केली जाते. काच फिल्म सरकते त्या पट्ट्यांवर सपाट टेकली पाहिजे आणि तिची धूसर बाजू भिंगाकडे असली पाहिजे. आट्यांच्या लायकाची पाठ उघडत नाही, फिल्म तळातून भरावी लागते, त्यामुळे अशा कॅमेऱ्यावर प्रत्यक्ष फिल्म खर्चून तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीचे छायाचित्र घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. अर्थात त्याआधी कॅमेऱ्याचा स्वतःचा रेंजफाइंडर दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर जुळतो की नाही, हे मूळ प्रमाणाच्या भिंगाने पाहून घेणे आवश्यक आहे.

जुन्या प्रतींत मूळ ग्रीस सुकून फोकसची नळी जड झालेली असते. ती उकलताना आटे कोणत्या बिंदूवर सुटले याची खूण करून ठेवावी लागते, कारण त्या आट्यांना एकाहून अधिक तोंडे असतात आणि चुकीच्या तोंडातून भिंग पुन्हा बसवल्यास अनंताची जागा हुकते. मुंबई, कोकण व गोवा यांसारख्या दमट हवेच्या भागांत साठवलेल्या प्रतींत काचेवरील बुरशी प्रथम तपासावी. तिने काचेचा लेप खाल्ला असेल, तर फोकसची मेहनत वाया जाते.

याच कुळातील इतर भिंगांना वेगळी पथ्ये आहेत. ३५ मिमीच्या ज्युपिटर-१२ची मागची काच कॅमेऱ्यात खोलवर शिरते, त्यामुळे एम-५ आणि सीएल या प्रकाशमापकाची हलती दांडी असलेल्या लायका कॅमेऱ्यांवर ते बसवणे धोक्याचे आहे. कीव्ह कॅमेऱ्याच्या ज्युपिटर-८एममध्ये फोकसची नळीच नसते. ती कॅमेऱ्यात असते, म्हणून त्याला स्वतंत्र फोकस यंत्रणा असलेले महागडे कडे लागते आणि स्वस्त भिंगाचा हेतूच उरत नाही. सर्वांत फसवी आहेत ती झेनिट या प्रतिक्षेपी कॅमेऱ्याची ३९ मिमी आट्यांची भिंगे: ती लायकाच्या आट्यांत फिरतात, पण ४५.२ मिमी अंतरासाठी बनलेली असल्याने फिल्मच्या १६.४ मिमी अधिक जवळ बसतात आणि कोणत्याही अंतरावर स्पष्ट प्रतिमा देत नाहीत.