विकत घेतलेला गेम हातात का राहत नाही?

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठंही पीसीवर गेम खेळणाऱ्याशी बोलायला बसा, पाच मिनिटांत गाऱ्हाणी सुरू होतात. गेम दीडशे जीबीचा, उतरवता उतरवता दोन दिवस जातात. उतरला की वेगळा लाँचर, म्हणजे गेम सुरू करून देणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि त्याचं वेगळं अकाउंट. एकट्यानं खेळायचा गेम असला तरी नेट चालू पाहिजे. पैसे भरून घेतला तरी आत आणखी एक दुकान मांडलेलंच. वर एखाद्या दिवशी कंपनी सर्व्हर बंद करते आणि गेम संपतो.

या तक्रारी सुट्या वाटतात, पण त्यांचं मूळ बरंचसं एकच आहे. गेम ही घरात ठेवायची वस्तू होती. गेल्या वीस-बावीस वर्षांत तो कंपनीच्या मर्जीनं वापरायचा परवाना झाला. हे कसं घडलं ते क्रमानं पाहिलं, तर आपल्या भागाला त्याची झळ जास्त का बसली तेही कळतं.

सुरुवात कॅफेपासून करायला हवी, कारण सीमाभागातल्या एका अख्ख्या पिढीचं गेमिंग घरात नव्हे, कॅफेत झालं. २००० नंतरच्या दशकात टिळकवाडी, कॉलेज रोड, शहापूर भागात सायबर कॅफे होते आणि संध्याकाळी आरपीडी, जीएसएस, लिंगराज कॉलेजची पोरं तिथं असायची. दहा-बारा पीसी, सगळे एका स्विचला केबलनं जोडलेले. नेटचं कनेक्शन एकच, तेही रखडत चालणारं, पण गेमला नेट लागतच नव्हतं. काउंटर-स्ट्राइक हा दोन टीमच्या गोळीबाराचा गेम लावायचा, एकानं आपल्या पीसीवर सर्व्हर बनवायचा, ‘डस्ट टू’ नकाशा निवडायचा, बाकीच्यांनी लॅनवरून, म्हणजे त्याच केबलच्या जाळ्यातून, आत यायचं. मालक वहीत नाव आणि वेळ टिपून ठेवायचा. तासाला पंधरा-वीस रुपये. एका टीममध्ये वडगावचा, अनगोळचा, कॅम्पातला असे सगळे. मराठी, कन्नड, उर्दू एकाच वाक्यात. “बी ला प्लांट केलाय बे, लवकर ये की!” (म्हणजे बी जागेवर बॉम्ब ठेवलाय) ही आरोळी कुठल्या भाषेच्या घरातून आलेल्या पोराची, हे कुणी विचारत नव्हतं. एरवी मराठी-कन्नड पाट्यांवरून तापणाऱ्या या शहरात ही साधी गोष्ट नव्हती.

तेव्हाच्या बहुतेक सीडी कॉपी केलेल्या असायच्या, हेही सांगितलं पाहिजे. अधिकृत डबा मागवायचा तर बेंगळूरचा एसपी रोड नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, आणि किंमत विद्यार्थ्याच्या खिशाबाहेरची. पुढं कंपन्यांनी कॉपी रोखणारी जी डिजिटल कुलपं बसवली त्यांचं समर्थन याच चोरीकडं बोट दाखवून झालं. त्यात तथ्य होतं. पण कुलूप बसलं ते प्रामाणिक गिऱ्हाइकाच्या दाराला. फुकट्यांना काही दिवसांत कुलूप काढलेली प्रत मिळायचीच.

१२ सप्टेंबर २००३ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनं स्टीम सुरू केलं. तेव्हा ते दुकान नव्हतं. गेम अद्ययावत ठेवणं आणि ऑनलाइन खेळणाऱ्यांना एका जागी आणणं एवढंच त्याचं काम होतं. काउंटर-स्ट्राइकची १.६ आवृत्ती त्याच्याबरोबर आली आणि २००४च्या जुलैत जुनी ऑनलाइन व्यवस्था बंद झाली. मोठा फरक पडला तो नोव्हेंबर २००४ मध्ये, हाफ-लाइफ २ या व्हॉल्व्हच्याच गेममुळं. दुकानातून डबा आणला, डिस्क घातली, तरी स्टीमवर अकाउंट काढून नेटवरून मंजुरी मिळाल्याशिवाय गेम उघडेना. पैसे देऊन आणलेल्या डिस्कला दूरच्या सर्व्हरची परवानगी लागते, हे लाखो लोकांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवलं. गेम अप्रतिम होता, म्हणून लोकांनी चालवून घेतलं.

पुढचा घाव लॅनवर पडला. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या कॉल ऑफ ड्युटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीसी आवृत्तीत खेळणाऱ्यांना स्वतःचे सर्व्हर चालवायची सोयच ठेवली नव्हती. २०१० च्या जुलैत स्टारक्राफ्ट २ लॅनशिवाय आला. अमेरिकेत यावर निषेध झाले, सह्यांची मोहीम झाली, पण तिथं घरोघरी वेगवान नेट होतं. आपल्याकडं अर्थ वेगळा होता. कॅफेत शेजारी शेजारी बसलेल्या दोघांना एकमेकांशी खेळायचं तर दोघांनाही आधी नेटवरून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला जोडावं लागणार, मग एक हात अंतरावरच्याशी खेळता येणार. एका रखडत्या कनेक्शनवर दहा पीसी असताना ते होणारच नव्हतं. कॅफे बंद पडले त्याला स्मार्टफोन हे मोठं कारण आहे, यात वाद नाही. पण फोन येण्याआधीच नव्या गेम्सनी कॅफेकडं पाठ फिरवली होती, आणि हे फारसं कुणी लिहिलेलं नाही म्हणून इथं लिहितो. शेवटपर्यंत तिथं १.६च चालत राहिलं, कारण लॅनवर निमूट चालणारं तेच उरलं होतं.

त्याच २०१० साली युबिसॉफ्टनं असॅसिन्स क्रीड २ च्या पीसी आवृत्तीला सतत नेटची अट घातली. एकट्यानं खेळायचा गेम, पण मध्येच कनेक्शन तुटलं की खेळ थांबणार. मार्चमध्ये कंपनीचे सर्व्हरच कोलमडले आणि विकत घेणारे बाहेर अडकले. २०१२ च्या मे महिन्यात डायब्लो ३ आला तेव्हा पहिल्याच रात्री सर्व्हरवरच्या गर्दीमुळं दिसणारा ‘एरर ३७’ हा शब्द जगभर गाजला. एकट्यानं खेळणाऱ्यालाही लॉगिनच्या रांगेत उभं केलं होतं. मार्च २०१३ मध्ये शहर वसवायच्या सिमसिटी या गेमचं तेच झालं. शहराची आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून नेट लागतं, असं तेव्हा सांगण्यात आलं. वर्षभरात, मार्च २०१४ मध्ये, त्याच गेमला नेटशिवाय खेळायची सोय मिळाली. मग आधीच्या सांगण्यात किती खरं होतं, हे ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात दिवस-दिवस लाईट नसते. लाईट आली तर टॉवर बंद. इन्व्हर्टरवर तासभर पीसी चालवता येईल, पण नेटशिवाय न उघडणारा गेम तिथं असून नसल्यासारखा. कंपनीच्या बैठकीत असा गिऱ्हाईक कुणाच्या डोळ्यांपुढं नसतो.

एकाच गेमची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे: जीटीए व्हाइस सिटी. पीसीवर २००३ मध्ये आला, दोन सीड्यांवर मावायचा. आपल्याकडं ज्याच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला त्याच्याकडं हा गेम होताच. गाडी पळवायची आणि रेडिओवर ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी ऐकायची. अर्ध्या पोरांनी ती गाणी पहिल्यांदा तिथंच ऐकली. तर या गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीचे होते. २०१२ च्या नोव्हेंबरात गेम स्टीमवरून गायब झाला, आणि २०१३ च्या सुरुवातीला परतला तो काही गाणी कमी होऊन. २०१४ मध्ये याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासला अपडेट आलं, त्यातही गाणी गेली आणि जुन्या सेव्ह फायली चालेनाशा झाल्या. इथं लक्षात घ्या, ज्यांनी आधीच विकत घेतला होता त्यांच्या कॉम्प्युटरवरचा गेमही बदलला. २०१८ मध्ये जीटीए ४ ची गाणी गेली. २०२० च्या जानेवारीत तो स्टीमवर विकणंच थांबलं, कारण मायक्रोसॉफ्टच्या बंद पडलेल्या सेवेच्या चाव्या, म्हणजे गेम चालू करायचे कोड, नव्यानं मिळेनात. मार्चमध्ये परत आला तेव्हा मल्टिप्लेअर नव्हता. आणि २०२१ च्या नोव्हेंबरात जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिन्ही जुन्या गेम्सची नवी ‘डेफिनिटिव्ह’ आवृत्ती आणायची म्हणून मूळ आवृत्त्या आधीच दुकानांतून काढल्या. नवी आवृत्ती चुकांनी भरलेली, कंपनीचा लाँचर दिवस-दिवस बंद. शेवटी जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारनं माफी मागितली आणि पीसीसाठी मूळ गेम परत उपलब्ध करून दिले.

या सगळ्या काळात कुणाच्या कपाटातल्या दोन सीड्यांवरचं एकही गाणं कमी झालं नाही.

डिस्क गेल्या त्या हळूहळू. २०१५ च्या एप्रिलमध्ये जीटीए ५ पीसीवर आला तो सात डीव्हीडींवर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मेटल गियर सॉलिड ५ च्या पीसी डब्यातल्या डिस्कवर मात्र फक्त स्टीमचा इन्स्टॉलर होता, बाकी सगळं नेटवरून. त्यानंतर डबा नावापुरता राहिला. आता आपल्याकडचा हिशेब करा. बीएसएनएलचा रात्री २ ते सकाळी ८ अमर्याद असणारा प्लॅन आठवत असेल. गजर लावून डाउनलोड सुरू करणारे कितीतरी होते. दोन एमबीपीएसच्या वेगानं ६० जीबी उतरवायला सलग ६६ तास लागतात, म्हणजे रोज सहा तास धरले तर अकरा रात्री. आज गावात फायबर आलं असेल तर प्रश्न हलका झाला. नसेल तर रोजच्या दोन जीबी डेटावर दोनशे जीबीचा कॉल ऑफ ड्युटी शंभर दिवसांनी पुरा होईल, तोवर त्याला नवं अपडेट आलेलं असेल.

आत पैसे मागण्याची रीत २००६ च्या एप्रिलमध्ये रुजली, असं बहुतेक जण मानतात. ऑब्लिव्हियन या गेममधल्या घोड्याला चिलखत घालायचं तर दोन-अडीच डॉलर. लोक हसले, आणि विकतही घेतलं. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ मध्ये पूर्ण किंमत भरूनही डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला गेममधले ६०,००० क्रेडिट साठवायचे होते. संताप इतका झाला की कंपनीनं ही क्रेडिटची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवली आणि बाजारात येण्याआधी आतली विक्री तात्पुरती थांबवली. पुढच्या एप्रिलमध्ये बेल्जियमनं पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या अशा पेट्यांना (लूट बॉक्स) जुगार ठरवलं.

कॉम्प्युटरच्या भागांचं थोडक्यात सांगतो. २०१६ मधल्या जीटीएक्स १०७० या ग्राफिक्स कार्डात ८ जीबी मेमरी होती; २०२३ मधल्या आरटीएक्स ४०६० मध्येही ८ च. मधल्या काळात आभासी चलनाच्या खाणकामासाठी कार्डं पळवली गेली, ते २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या चलनानं खाणकाम न लागणारी पद्धत घेतल्यावर ओसरलं. आता एआयची डेटा सेंटर्स मेमरी ओढून घेत आहेत. २०२५ च्या डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पगारावर काम करणाऱ्या पोरानं पीसी जोडायचा तर तो आधी आयात माल, वर १८ टक्के जीएसटी.

माझा खानापूरचा भाचा गेल्या वर्षी वैतागून फोनवर म्हणाला, “मामा, गेम घेतलाय खरं सुरूच होईना की.” नवा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम होता. चीटिंग रोखणाऱ्या सॉफ्टवेअरला सिक्युअर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, हवं होतं. त्याच्या पीसीला ते जमत होतं, पण विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलेलं. आधी सगळ्या फायली दुसरीकडं काढून ठेवल्या, मग डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलली, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बदल केला, तेव्हा गेम उघडला. चीटिंग करणारे कुणालाच नको आहेत, त्यामुळं ही अट समजते. पण पैसे घेताना ती ठळक सांगायला काय हरकत होती? पोरगं हुशार म्हणून निभावलं. दुसरा विंडोजच घालवून बसला असता.

सगळं वाईटच झालं असं नाही, आणि ते नोंदवणं भाग आहे. २००८ पासून जीओजी हे ऑनलाइन दुकान कुलूप नसलेले गेम विकतं. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की तो आपला. २०१५ च्या जूनपासून स्टीमवर चौदा दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मिळतात, आणि त्याच वर्षाअखेर रुपयात किमती आल्या. कॉपी सीडीवर वाढलेली आपली पिढी पैसे देऊन गेम घ्यायला लागली ती या दोन गोष्टींमुळं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये पीसीवर आला तो याच डिजिटल दुकानांमुळं; डबे छापून जगभर पाठवणं छोट्या मंडळींना परवडलं नसतं.

म्हणून भांडण डिजिटल विक्रीशी नाही, ताब्याशी आहे. ते उघड्यावर आलं ‘द क्रू’मुळं. युबिसॉफ्टचा २०१४ चा हा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला. एकट्यानं खेळायचा भागही सर्व्हरवर टांगलेला, त्यामुळं पैसे भरलेल्या सगळ्यांसाठीच तो बंद झाला. दुकान बंद झालं म्हणून घरातली सायकल चालायची थांबावी, तसा प्रकार. रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभारली आणि युरोपीय महासंघाकडच्या नागरिक अर्जानं २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्या ओलांडल्या. मागणी सर्व्हर कायम चालवण्याची नाही. बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा, एवढीच आहे. दबाव आल्यावर युबिसॉफ्टनं सप्टेंबर २०२४ मध्ये याच मालिकेतल्या पुढच्या दोन गेम्सना ऑफलाइन सोय देण्याचं कबूल केलं.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की परवाना विकत असाल तर ‘विकत घ्या’ म्हणताना तो परवाना आहे हे स्पष्ट सांगा. स्टीमनं त्याआधीच खरेदीच्या पानावर तशी ओळ घातली. आपल्या संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला; त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावरच्या बंदीवर आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देण्यावर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तू धरलेल्या आहेत, त्यामुळं तक्रारीला जागा आहे. बंद पडलेल्या गेमची पावती घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाणारा पहिला माणूस बेळगावचा का असू नये?